डच्चीचा मालक

बेळगुंदीत मष्णूला नुसतं मष्णू कुणी म्हणत नसे. कुत्रेमष्णू म्हणत. गावात आणखी दोन मष्णू होते, त्यामुळे ओळखीला काहीतरी लागायचंच. पण त्या दोघांना बापाच्या नावानं ओळखत आणि ह्याला कुत्र्यांच्या. ते त्याला लागत असे. बोलून मात्र तो कधी दाखवत नसे.

मी तेव्हा बेळगावच्या गुरांच्या दवाखान्यात कंपाउंडर होतो. घर खडेबाजारच्या मागच्या बोळात. मष्णूची आणि माझी गाठ पडली ती सत्तेचाळीस साली, तीही चार-पाच वेळाच. तरी त्याच्याबद्दल मला जेवढं माहीत आहे तेवढं माझ्या सख्ख्या चुलत्याबद्दल नाही. काही त्यानं दवाखान्याच्या बाकावर बसून सांगितलं, काही त्याच्या बायकोनं, नागुबाईनं, त्यांच्या सोप्यात बसून सांगितलं. नवरा-बायको एकमेकांशी जे बोलत नव्हते ते दोघंही माझ्याशी बोलले. कारण मी परका होतो, आणि त्या प्रकरणात थोडासा होतो.

मष्णू तीन भावांतला धाकटा. जमीन थोडी, तोंडं फार. विसाव्या वर्षी तो बेळगावच्या कॅम्पात एका बंगल्यावर कामाला लागला. आधी घोड्याच्या पागेत होता. पण साहेबाच्या लक्षात आलं की घोडा ह्याला भितो आणि कुत्री ह्याच्यामागून फिरतात. मग त्याला कुत्र्यांवर नेमलं. कुत्र्यांना वेळेवर खायला घालायचं, अंगावरच्या गोचिड्या काढायच्या, ब्रश मारायचा, सकाळ-संध्याकाळ फिरवायचं, आणि साहेब शिकारीला निघाला की साखळ्या धरून मागून चालायचं. काम त्याला आवडलं. गावाला आवडलं नाही. कुळवाड्याचं पोरगं कुत्र्यांचं हगणं काढतंय, असं पंगतीत बसल्यावर कुणीतरी हमखास म्हणायचं आणि मष्णू मान खाली घालून भात कालवत राहायचा.

साहेब बदलत गेले. एकाची बदली झाली की दुसरा त्याच बंगल्यात यायचा. जाणारा साहेब येणाऱ्याला टेबलं, खुर्च्या, माळी आणि कुत्रेवाला दाखवून जायचा. बहुतेक वेळा कुत्रीही तिथंच राहायची. अशी सव्वीस वर्षं गेली.

पस्तीस साली तेव्हाच्या साहेबानं पुण्याहून शिकारी जातीचं एक पिल्लू आणलं. पांढरी कुत्री, अंगावर विटकरी ठिपके, लांब कान. तित्तर आणि लावे हुडकण्यात ह्या जातीचा हात कुणी धरत नाही, असं साहेबानं मष्णूला सांगितलं. नाव ठेवलं डचेस. मष्णूच्या तोंडात ते डच्ची झालं आणि पुढं साहेबलोकांचे नोकरही डच्चीच म्हणू लागले.

आल्यावर महिन्याभरात पिल्लू आजारी पडलं. नाकाडोळ्यांतून पाणी, ताप, मग झटके. त्याच आठवड्यात बेळगुंदीत मष्णूच्या मुलीला ताप भरला. शालू तिचं नाव, सहा वर्षांची, एकुलती एक. ताप उतरेना, पोरगी बडबडू लागली, तेव्हा थोरला भाऊ यल्लाप्पा आठ मैल चालत कॅम्पात आला. त्याला बंगल्याच्या पुढच्या बाजूनं सोडत नसत. मागच्या फाटकाशी उभा राहून त्यानं मष्णूला हाक मारली.

"पोरगी लई आजारी हाय. चल."

"सायबाला इचारून येतो," मष्णू म्हणाला.

साहेब वाईट नव्हता. त्यानं मुलीचं वय विचारलं, औषधाच्या चार गोळ्या कागदात बांधून दिल्या, आणि सांगितलं की पिल्लाचे हे दोन दिवस फार कठीण आहेत. दोन दिवस काढ, मग आठवडाभर रजा घे. मष्णू गोळ्या घेऊन फाटकाशी आला.

"दोन दिसांनी येतो म्हण," तो भावाला म्हणाला.

यल्लाप्पानं गोळ्या मुठीत घेतल्या. मग "बरं" म्हणाला आणि गेला.

मष्णूनं पिल्लाला मांडीवर घेऊन दोन दिवस काढले. चमच्यानं दूध पाजलं, झटका आला की जिभेखाली बोट घालून धरलं. बोटाला दातांच्या खुणा पडल्या होत्या; त्या त्यानं मला दाखवल्या. तिसऱ्या दिवशी पिल्लानं मान वर केली आणि साहेबानं त्याला रजा दिली. तो घरी पोचला तेव्हा शालूला पुरून चोवीस तास झाले होते.

नागुबाई चुलीपाशी बसली होती. ती रडली नाही, ओरडली नाही. तिनं एवढंच विचारलं, "कुत्रं जगलं?"

"जगलं," मष्णू म्हणाला.

त्यानंतर त्यांना मूल झालं नाही. मष्णू महिन्यातून एकदा घरी येई, दोन दिवस राही, परत जाई. नागुबाई दिरांच्या बरोबरीनं शेत करी. भांडण म्हणावं असं काही नव्हतं. तुम्ही-आम्ही, हो-नाही, मीठ वाढा, बैल सोडा, एवढं बोलणं चालू होतं.

सत्तेचाळीस सालच्या आषाढात हडसन नावाचा साहेब त्या बंगल्यात होता. त्याचं विलायतेला जायचं ठरलं. घोडा विकला गेला. कुत्री राहिली दोन: टॉबी नावाचं एक म्हातारं, आंधळं झालेलं कुत्रं, आणि डच्ची, बारा वर्षांची. एका सकाळी साहेबानं मष्णूला आंब्याच्या झाडाखाली खड्डा काढायला सांगितला.

"कवढा?" मष्णूनं विचारलं.

"दो का," साहेब म्हणाला, म्हणजे दोघांपुरता.

मष्णूनं खड्डा काढला. चिखलाचे दिवस, बाजू ढासळत होत्या. त्यानं त्या नीट तासल्या. हे सांगताना तो माझ्याकडे बघत नव्हता. साहेबानं स्वतः टॉबीला आणलं, डोक्यावर हात फिरवला आणि पिस्तूल लावलं. मग त्यानं डच्चीला आणायला सांगितलं. मष्णू गेला, तिची साखळी सोडली, चार पावलं आणली आणि तिथंच खाली बसला.

"सायब, हिला मला द्या."

साहेब त्याच्या हिंदुस्थानीत म्हणाला, "तुम नहीं सकेगा, मॅश्नू. इसको गोश्त मंगता, दवा मंगता. तुम खुद क्या खाता?"

"भाकरी खाईल, सायब. जे खातो ते देतो."

साहेबाला राग आला नाही. त्यानं डच्चीला उताणी करून तिच्या पोटाखालची गाठ दाखवली. सडाजवळ लिंबाएवढी गाठ होती, मष्णूलाही ती ठाऊक होती. साहेब म्हणाला की ही वाढणार, फुटणार, आणि तेव्हा तुझ्याजवळ काही नसेल. इतर बंगल्यांतून गेलेल्या साहेबांची कुत्री कॅम्पाच्या उकिरड्यांवर कशी मेली ते तू पाहिलंस. तुझं प्रेम असेल तर आत्ता होऊ दे.

मष्णू उठला नाही. शेवटी मडमेनं व्हरांड्यातून काहीतरी म्हटलं आणि साहेबानं पिस्तूल कमरेला अडकवलं. जाताना त्यानं मष्णूला एक चिठ्ठी दिली, गुरांच्या दवाखान्याच्या डॉक्टरसाठी: ही चिठ्ठी आणणाऱ्याच्या सांगण्यावरून ह्या कुत्रीला त्रास न होता मारावं. आणि तोंडी सांगितलं, "जब उठने नहीं सकेगा, तब रुकना नहीं. अपने वास्ते नहीं रखना."

ह्या सगळ्यात, आता तू काय करशील, कुठं जाशील, असं मष्णूला कुणी विचारलं नाही. चांगल्या वागणुकीचा एक दाखला त्याला मिळाला. कुत्रीच्या मरणाचा मात्र साहेबानं अर्धा दिवस बसून विचार केला होता. मष्णूला त्यात काही वावगं वाटलं नाही. मला वाटलं. पण मी ते त्याला म्हणालो नाही.

डच्चीला घेऊन तो बेळगुंदीला निघाला. म्हातारी कुत्री, आठ मैल, वर पाऊस. शेवटचे दोन मैल त्यानं तिला खांद्यावर मेंढरासारखी घातली. गावात शिरताना पारावर बसलेला एकजण ओरडला, "सायब गेला आन् शेपूट ठिवून गेला बघा!" लोक हसले. मष्णू थांबला नाही.

नागुबाई दारात होती. तिनं कुत्री कधी पाहिली नव्हती. पण तिनं ओळखली.

"हीच?"

"हीच."

तिनं आत जाऊन एका परळात ताक-भाकरी कुस्करून आणली, ओसरीच्या कोपऱ्यात ठेवली आणि पुन्हा आपल्या कामाला लागली. डच्चीनं वास घेतला आणि खाल्लं नाही. दुसऱ्या दिवशी खाल्लं.

मी पुढं मष्णूला विचारलं होतं, की तिला घरी का आणलीत? जिच्यापायी घरात एवढं झालं तिला, त्याच घरात? त्यानं बोटावरच्या खुणा चोळल्या. मग म्हणाला, "तीबी मेली असती तर मग मी थांबलो कशापायी हुतो?"

श्रावण आला. स्वातंत्र्य आलं, गावच्या शाळेत झेंडा लागला, पोरांना साखर वाटली. मष्णू ओसरीवर डच्चीजवळ बसून होता. भावांबरोबर शेतात जायला त्याला सांगितलं की जाई, पण सांगावं लागे. सव्वीस वर्षांत शेतकामाची सवय मोडली होती. भांगलायला बसला तर तणाबरोबर भातही उपटायचा. त्याच्या हातचं एकच काम चोख होई, ते कुत्रीचं.

भाद्रपदात गाठ फुटली. पाण्या-पावसाचे दिवस, माश्या. आधी पू, मग अळ्या. कडुलिंबाच्या पाल्याचं पाणी उकळून तो जखम धुवी, काडीनं अळ्या काढी. गणपती बसले त्या आठवड्यात तो डच्चीला बैलगाडीत घालून साहेबाची चिठ्ठी घेऊन आमच्या दवाखान्यात आला. मी त्याला पहिल्यांदा पाहिला तो तेव्हा.

आमचे डॉक्टर धारवाडकडचे. घरी कन्नड, आमच्याशी मराठी. त्यांनी कुत्रीला गाडीतच तपासलं. चिठ्ठी वाचली आणि माझ्याकडे दिली. ज्या गोऱ्या डॉक्टरच्या नावानं ती होती तो केव्हाच गेला होता.

"गाठ वाईट आहे," डॉक्टर म्हणाले. "आत पसरली असणार. आज संपवली तर आजपासूनचा त्रास वाचेल. ठेवलीस तर महिना काढेल, पण कसा काढेल ते तूच बघशील. गोपाळराव, रजिस्टर घ्या."

मी रजिस्टर उघडलं. "मालकाचं नाव?"

"हडसन सायब," मष्णू म्हणाला.

"ते विलायतेला गेले ना?"

"गेले."

"मग मालक तुम्ही."

"मी न्हवं. मी कुत्रेवाला."

डॉक्टरांनी हात धुता धुता विचारलं, "अरे, कुत्री कुणाच्या घरात राहते?"

"माझ्या."

"भाकरी कोण घालतं?"

"बायको."

"मग मालक तूच की. सही कर, नाहीतर अंगठा दे. दोन मिनिटांचं काम आहे, तिला कळणारही नाही."

"चिठ्ठी हाय की सायबाची."

"चिठ्ठीत काय लिहिलंय? आणणाऱ्याच्या सांगण्यावरून. तू आणलीस. आता सांग. सांगतोस?"

मष्णूनं गाडीत पाहिलं. डच्ची मान टाकून पडली होती, शेपटी मात्र त्याचा आवाज आला की हलत होती.  बाहेर एक अडलेली म्हैस घेऊन लोक थांबले होते, त्यांनी ओरडाओरड सुरू केली.

"उद्या सांगतो," मष्णू म्हणाला.

"आयतु, नाळे बा," बरं, उद्या ये, असं डॉक्टर घाईत कन्नडमध्येच म्हणाले आणि म्हशीकडे गेले.

दुसऱ्या दिवशी तो आला नाही. महिनाभर आला नाही.

त्या महिन्यातलं नागुबाईनं सांगितलं. मष्णू दिवस दिवस कुत्रीजवळ बसे. जेवण तिथंच. पाऊस तिरका आला तर घोंगडं धरून बसे. घरात वास पसरला. भावजया नाक धरून ये-जा करू लागल्या आणि शेवटी यल्लाप्पानं ओसरीतून कुत्री हलवायला सांगितली. तिला गोठ्याच्या मागं नेली, मष्णूही तिकडं गेला. नागुबाई शेतातून येऊन त्याचं ताट तिकडं नेऊन द्यायची. एका संध्याकाळी ताट खाली ठेवून ती तिथंच उभी राहिली.

"पोरीजवळ बसला न्हाईसा," ती म्हणाली. बारा वर्षांत हे पहिल्यांदाच बोलली. "हिच्याजवळ बसतासा."

मष्णूनं ताट बाजूला सरकवलं.

"सोडवा तिला आता. रात्रंदिस कन्हतीया. मला ऐकवत न्हाय."

"तुला ती मरायलाच पायजे हाय," तो म्हणाला. "सूड घेतीस."

नागुबाई मला म्हणाली की तेव्हा तिला एवढा राग आला, की ताट उचलून फेकावं असं वाटलं. तिनं फेकलं नाही. तिनं त्याला सांगितलं, "सूड घ्यायचा असता तर अशीच ठिवली असती. किडं पडलेली बघत बसले असते. तुमी काय करतासा मग?"

 दुसऱ्या दिवशी मष्णू नागोजीकडं गेला. नागोजी गावातला बंदूकवाला. रताळ्याच्या शेतात रानडुकरं येत, तेव्हा त्याची ठासणीची बंदूक उपयोगी पडे. नागोजी म्हणाला, कुत्र्यावर बंदूक झाडली की तिचा नेम जातो, मी न्हाय मारणार. मष्णूनं पुन्हा विनवलं नाही. नकार मिळाल्यावर त्याचा चेहरा सुटल्यासारखा झाला, असं नागोजीनंच मागाहून नागुबाईला सांगितलं.

दसरा झाल्यावर चार-पाच दिवसांनी, सकाळी दवाखाना उघडत होतो तर मष्णू पायरीवर बसलेला. एकटाच. पहाटे निघून चालत आला होता.

"लिवा," तो म्हणाला. "मालक मष्णू. बेळगुंदी. अंगठा कुठं देऊ?"

"कुत्री कुठंय?"

"गाडीत घालता येत न्हाय. हात लावला की वरडतीया. डॉक्टरसाबांस्नी घिऊन जायाला आलोय."

डॉक्टर नव्हते. नंदगडकडं गुरांत बुळकांडीची साथ सुरू झाली होती आणि ते आदल्या दिवशीच तिकडं गेले होते. दुपारच्या मोटारीनं परत येतो असं सांगून गेले होते. मी मष्णूचं नाव लिहिलं, अंगठा घेतला.

"बसा," मी म्हणालो. "दुपारपर्यंत येतील."

तो बाकावर बसला. त्याच दिवशी त्यानं मला पिल्लाचं, शालूचं, आंब्याखालच्या खड्ड्याचं सगळं सांगितलं. मी पुड्या बांधत ऐकत होतो. दुपारची मोटार आली आणि डॉक्टर आले नाहीत.

"चारच्या मोटारीनं येतील," मी म्हणालो.

तो पुन्हा बसला. थोड्या वेळानं म्हणाला, "कंपौंडरसाब, तुमाला येतं न्हवं हे? तुमी चला की."

मला येत होतं. डॉक्टरांनी समोर उभं राहून दोनदा ते माझ्याकडून करवून घेतलं होतं. कपाटाची किल्ली माझ्या कमरेला होती. सायकल दाराशी होती. पावसाळा सरला होता, रस्ता कोरडा होता, तासा-सव्वा तासात पोचलो असतो. पण डॉक्टरांच्या लेखी हुकमाशिवाय त्या कपाटातलं औषध बाहेर न्यायचं नाही, असा नियम होता. माझी नोकरी पक्की व्हायला चार महिने राहिले होते.

"मला हुकूम नाही," मी म्हणालो.

त्यानं लगेच मान हलवली. माझ्यावर चिडला असता तर मला बरं वाटलं असतं. तो चिडला नाही. उत्तर त्याला पटलं होतं.

चारची मोटारही रिकामी आली. मष्णू उठला, पायताणं घातली, "येतो" म्हणाला आणि निघाला.

इकडं बेळगुंदीत, तो गेल्यावर डच्चीनं त्याच्यामागं जायला उठायचा प्रयत्न केला होता. मागचं अंग धरेना. ती गोठ्याच्या मागून घसरत शेणाच्या चिखलात आली आणि ओरडू लागली. नागुबाई घरी एकटी होती, बाकीचे शेतात. तिनं कुत्रीला पोत्यावर ओढून घेतलं, पाणी तोंडाला लावलं. पाणी उतरेना. दुपार झाली. ती रस्त्यापर्यंत जाऊन बघून आली. पुन्हा गेली, पुन्हा आली. मग पदर खोचून नागोजीच्या दारात जाऊन उभी राहिली.

"बंदूक घे आन् चल."

"वैनी, मी दादाला सांगितलंय..."

"तुझ्या आयशीच्या शेवटाला तुझ्या घरात कोण बसलं हुतं रं? तुझी बायको का मी? रानात डुकरं मारतोस तवा तुझा नेम जात न्हाय. चल म्हणते."

नागोजी आला. दोघांनी पोत्याची चार टोकं धरून कुत्रीला बांधाच्या खाली नेलं. नागोजी बंदूक ठासू लागला. दारूचा वास, गजाचा आवाज. त्या आवाजानं डच्चीनं मान वर केली. कान टवकारले. पुढचा एक पाय पोटाशी घेतला आणि समोरच्या नाचण्याच्या शेताकडं टक लावून ती तशीच ताठ राहिली. सकाळपासूनचं ओरडणं एकदम बंद झालं.

"आमाला वाटलं, बरी झाली," नागुबाई मला म्हणाली. "नागोजीनं बंदूक खाली घेतली. मी म्हटलं, थांबू नगंस. मी तिच्या डोळ्यांवर हात ठिवला आन् म्हटलं, मार."

त्या पाय उचलण्याचा अर्थ नागुबाईला ठाऊक नव्हता. मला ठाऊक होता. शिकारी कुत्री पाखराचा माग लागला की तशीच उभी राहते, साहेबाची गोळी सुटेपर्यंत. मी तो तिला सांगितला नाही.

मष्णू पोचला तेव्हा घरोघर दिवे लागले होते. नागुबाई दगडावर पोतं धूत होती.

"कुठं हाय?"

"बांधाखाली. पुरली."

त्यानं पोत्याकडं पाहिलं. मग म्हणाला, "तुला कुणी सांगितलं?"

"कुणी सांगायचं?"

"मी अंगठा दिऊन आलतो. डॉक्टर येणार हुता. उद्या आला असता."

नागुबाईनं पोतं पिळलं. "पोरीच्या वक्तालाबी मी एकलीच हुते," ती म्हणाली. "आजबी एकलीच हुते. तवाबी तुमी कुणाला तरी इचारायला थांबला हुतासा."

त्या रात्री मष्णू जेवला नाही. सकाळी उठून बांधाखाली जाऊन आला, आपलं गाठोडं बांधलं आणि कॅम्पाची वाट धरली. नागुबाईनं त्याला अडवलं नाही. भाकरी बांधून दिली, ती त्यानं घेतली.

हे सगळं मला कळलं ते मार्गशीर्षात. बुळकांडी आमच्या बाजूला सरकली होती आणि डॉक्टरांबरोबर मी लस टोचायला बेळगुंदीला गेलो. काम आटोपल्यावर मीच मष्णूचं घर विचारलं. नागुबाईनं गुळाचा चहा दिला. मी कोण ते कळल्यावरही ती माझ्यावर रागावली नाही. त्या दिवशी तिथं काय झालं ते सांगितलं. मी बाकावर काय झालं ते सांगितलं. किल्लीचंही सांगितलं. ती ऐकून घेऊन म्हणाली, "व्हय, नोकरी हाय तुमची, अण्णा," आणि कप उचलले. मी तिथून उठावं तर उठवेना.

निघताना तिनं विचारलं, "दिसतात काय कवा?"

दिसत होता. कॅम्पात आपल्या लोकांतलेच नवे अधिकारी आले होते. त्यांतल्या एकानं दोन मोठी जर्मन कुत्री आणली होती. बंगला दुसरा, पण जुना दाखला दाखवून मष्णूला तिथं काम मिळालं होतं. त्या कुत्र्यांचे पाय दाखवायला, कान साफ करून घ्यायला तो दवाखान्यात येई. मी तिला तसं सांगितलं.

"बरे हायत?"

"बरे आहेत."

ती उंबऱ्यापर्यंत आली. मग म्हणाली, "त्यास्नी म्हणावं, यायचं असंल तर या. मी काय बोलायची न्हाय. पण आल्यासारखं या. कुणाला इचारू नगासा, नुसतं उठून या."

पुढच्याच आठवड्यात तो आला. एका कुत्र्याच्या पंजात काच गेली होती. मी काच काढली, पट्टी बांधली, आणि नागुबाईचा निरोप शब्दाला शब्द सांगितला. तो कुत्र्याचा पाय धरून खाली बसला होता. त्यानं पूर्ण ऐकलं. डोळे भरले त्याचे, ते मी पाहिलं.

"नुसतं उठून या म्हणाली?"

"तसंच म्हणाली."

"बरं," तो म्हणाला. "सायबाला इचारून बघतो. नाताळात पावणे हायत त्यांच्याकडं. त्याच्या फुडं बघतो."

मग त्यानं दोन्ही साखळ्या मनगटाला गुंडाळल्या आणि कुत्र्यांना घेऊन फाटकाबाहेर गेला. दारात एक शेतकरी खोकणारा बैल घेऊन उभा होता. मी त्याला आत बोलावलं.